बालसंधिवाताशी निगडित युव्हायटिस

बालसंधिवाताशी निगडित युव्हायटिस हा दीर्घकालीन संधिवात असलेल्या लहान मुलांमध्ये आढळणारा, डोळ्याच्या आतील भागाचा दाहजन्य विकार आहे. बालसंधिवातात सांध्यांबाहेर ज्या गुंतागुंती उद्भवतात त्यांमध्ये हा विकार सर्वाधिक प्रमाणात आढळतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारात डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि प्रकाशही असह्य वाटत नाही. दृष्टी मंदावल्याचे लक्षात येईपर्यंत डोळ्याच्या आत कायमस्वरूपी हानी झालेली असू शकते. त्यामुळे या विकाराचे वेळेवर निदान रुग्णाच्या तक्रारीवरून होत नाही. ते ठरावीक कालावधीने केलेल्या नेत्रतपासणीतूनच होते.

सांधेदुखी आणि नेत्रदाह यांचा हा संबंध १९१० पासून वैद्यकीय साहित्यात नोंदलेला आहे. गेल्या काही दशकांत मेथोट्रेक्झेट आणि जैविक औषधांमुळे दृष्टी वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढली आहे. मात्र संधिवात झालेल्या कोणत्या मुलाला हा विकार होईल आणि नियंत्रणात आलेल्या रुग्णाचे औषध केव्हा थांबवावे, या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे अद्याप मिळालेली नाहीत. सध्याचे संशोधन मुख्यतः याच प्रश्नांभोवती चालू आहे.

पार्श्वभूमी : बालसंधिवात

संधिवात हा केवळ उतारवयातील आजार आहे, असा सर्वसाधारण समज असला तरी तो एक-दोन वर्षांच्या बालकांनाही होतो. वयाच्या १६ व्या वाढदिवसापूर्वी सुरू झालेल्या, किमान सहा आठवडे टिकलेल्या आणि ज्याचे अन्य कारण सापडत नाही अशा सांध्यांच्या दाहास 'ज्युव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' किंवा संक्षेपाने 'जेआयए' असे म्हणतात. या लेखात 'बालसंधिवात' हा शब्द याच अर्थाने वापरला आहे. पूर्वी अमेरिकेत व युरोपात या आजारासाठी वेगवेगळी नावे व निकष प्रचलित होते. त्यामुळे एका देशातील अभ्यासाची दुसऱ्या देशातील अभ्यासाशी तुलना करणे अवघड होत असे. संधिवातविषयक संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९९० च्या दशकात समान वर्गीकरण मांडले व २००१ मध्ये कॅनडातील एडमंटन येथे त्यात सुधारणा केली. सुधारित वर्गीकरण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले.

या वर्गीकरणानुसार बालसंधिवाताचे सात प्रकार मानले जातात :

- अल्पसांधी संधिवात : पहिल्या सहा महिन्यांत चार किंवा त्यांहून कमी सांधे बाधित होतात. पुढे चारपेक्षा अधिक सांधे बाधित झाल्यास त्यास विस्तारित अल्पसांधी संधिवात म्हणतात.
- बहुसांधी संधिवात, संधिवात घटक नसलेला : पहिल्या सहा महिन्यांत पाच किंवा अधिक सांधे बाधित होतात; रक्तात संधिवात घटक आढळत नाही.
- बहुसांधी संधिवात, संधिवात घटक असलेला : हा प्रकार प्रौढांच्या आमवाताशी मिळताजुळता असतो.
- सर्वांगीण संधिवात : सांधेदुखीबरोबर दीर्घकाळ ताप, अंगावर पुरळ, यकृत-प्लीहा किंवा लसीका ग्रंथींची वाढ अशी लक्षणे दिसतात.
- सोरियासिसशी निगडित संधिवात.
- स्नायुबंध व कंडरा हाडांना जोडल्या जातात त्या जागांच्या दाहासह होणारा संधिवात.
- अवर्गीकृत संधिवात : वरीलपैकी कोणत्याही एका प्रकारात न बसणारा किंवा एकाहून अधिक प्रकारांत बसणारा.

युव्हायटिसचा धोका या सर्व प्रकारांत सारखा नसतो. जर्मनीतील ३,२७१ बालरुग्णांच्या देशव्यापी नोंदींवर आधारित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण १२ टक्के मुलांना युव्हायटिस झाल्याचे आढळले. विस्तारित अल्पसांधी प्रकारात हे प्रमाण २५ टक्के, तर मर्यादित अल्पसांधी प्रकारात १६ टक्के होते. सर्वांगीण प्रकारात ते केवळ १ टक्का होते. म्हणजेच ज्या मुलांचे अनेक सांधे सुजलेले असतात व ज्यांना तीव्र ताप येतो, त्यांच्यापेक्षा केवळ एखादा गुडघा सुजलेल्या लहान मुलाच्या डोळ्यांना अधिक धोका असू शकतो.

डोळ्याच्या आत काय घडते

डोळ्याच्या बाह्य आवरणाच्या आत रक्तवाहिन्यांनी समृद्ध असा मधला थर असतो. त्यास युव्हिआ म्हणतात. पुढच्या बाजूचे बुबुळ, त्यामागील सिलिअरी पिंड आणि दृष्टिपटलाला रक्तपुरवठा करणारे मागील रंजित आवरण हे त्याचे तीन भाग होत. या थराच्या दाहास युव्हायटिस म्हणतात. बालसंधिवातात प्रामुख्याने बुबुळ व सिलिअरी पिंड हे पुढचे भाग बाधित होतात. त्यामुळे या विकारास अग्र युव्हायटिस असेही म्हणतात. बहुसंख्य रुग्णांमध्ये कालांतराने दोन्ही डोळे बाधित होतात.

पारपटल आणि बुबुळ यांच्यामधील पोकळीत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. निरोगी अवस्थेत रक्तातील पेशी व प्रथिने या द्रवात शिरत नाहीत. दाह सुरू झाला की बुबुळातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांची ही रोधकता कमी होते आणि पांढऱ्या पेशी व प्रथिने द्रवात झिरपू लागतात. अंधाऱ्या खोलीत छपरातून येणाऱ्या कवडशामध्ये धूलिकण तरंगताना दिसतात. स्लिट लॅम्प नावाच्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या प्रकाशझोतात या पेशी तशाच दिसतात. साध्या प्रकाशात किंवा विजेरीच्या उजेडात त्या दिसत नाहीत. म्हणूनच या यंत्राविना केलेल्या तपासणीत डोळा निरोगी असल्याचा निर्वाळा देता येत नाही.

लक्षणांचा अभाव

प्रौढांमधील तीव्र युव्हायटिसमध्ये डोळा लाल होतो, ठणकतो आणि उजेड सहन होत नाही. त्यामुळे रुग्ण स्वतःहून वैद्याकडे जातो. बालसंधिवाताशी निगडित दीर्घकालीन युव्हायटिसमध्ये यांपैकी काहीही घडत नाही. डोळा बाहेरून पांढरा व शांत दिसतो. शिवाय तीन-चार वर्षांच्या बालकास आपल्याला अंधुक दिसते हे ओळखता किंवा सांगता येत नाही. एकच डोळा बाधित असल्यास दुसऱ्या डोळ्याच्या आधाराने त्याचे दैनंदिन व्यवहार सुरळीत चालू राहतात. बाहुलीचा आकार वेडावाकडा होणे, पारपटलावर पांढुरका पट्टा दिसणे किंवा डोळा तिरळा होणे यांपैकी काही पालकांच्या लक्षात आले, तर तोवर आजार बराच पुढे गेलेला असतो.

सांध्यांची स्थिती पाहून डोळ्यांविषयी अनुमान करता येत नाही. सांध्यांची सूज पूर्णपणे ओसरल्यानंतरही डोळ्यांत दाह सुरू होऊ शकतो. बहुतेक रुग्णांमध्ये संधिवात सुरू झाल्यापासून पहिल्या चार वर्षांत युव्हायटिस उद्भवतो. थोड्या मुलांमध्ये तो सांधे सुजण्यापूर्वीच सुरू झालेला असतो. अशा मुलांमध्ये निदानास सर्वाधिक विलंब होतो, कारण सांधे निरोगी असताना डोळ्यांची तपासणी करण्याचे प्रयोजनच कोणाला भासत नाही.

कंडरांच्या दाहासह होणाऱ्या संधिवातातील युव्हायटिस यास अपवाद आहे. तो मुख्यतः मोठ्या मुलग्यांमध्ये व एचएलए-बी२७ हा वांशिक घटक असलेल्यांमध्ये आढळतो. त्यात डोळा अचानक लाल होऊन दुखू लागतो.

कारणमीमांसा

हा विकार स्वप्रतिरक्षात्मक मानला जातो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच ऊतींवर आघात करते. एकाच वेळी सांध्यांचे अस्तर आणि बुबुळ हीच लक्ष्ये का निवडली जातात, हे निश्चितपणे समजलेले नाही. बाधित डोळ्यांतील ऊतींच्या तपासणीत टी-लसीका पेशींबरोबर बी-लसीका पेशी व प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीही आढळल्या आहेत.

धोक्याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले निदर्शक म्हणजे केंद्रकविरोधी प्रतिपिंडे होत. प्रयोगशाळेच्या अहवालात त्यांचा उल्लेख 'एएनए' असा असतो. ही प्रतिपिंडे रक्तात असलेल्या, लहान वयात संधिवात सुरू झालेल्या मुलांना युव्हायटिसचा धोका अधिक असतो. मात्र ती निरोगी मुलांमध्येही आढळतात. तसेच ती नसलेल्या मुलांनाही युव्हायटिस होतो. त्यामुळे ही चाचणी निदानासाठी उपयोगी नसून डोळ्यांची तपासणी किती वेळा करावी हे ठरवण्यापुरतीच तिची उपयुक्तता आहे. अल्पसांधी संधिवात मुलींमध्ये अधिक असल्याने युव्हायटिसच्या रुग्णांतही मुलींची संख्या अधिक असते. परंतु मुलग्यांमध्ये हा विकार अधिक तीव्र स्वरूप धारण करतो, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

आनुवंशिक अभ्यासांत एचएलए जनुकसमूहाशी असलेला संबंध वारंवार आढळला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एचएलए-डीआरबी१ प्रथिनातील विशिष्ट अमिनो आम्लांचा क्रम युव्हायटिसशी निगडित असल्याचे दिसले. हा संबंध मुलींमध्ये आढळला, मुलग्यांमध्ये नाही. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारामागे एकाहून अधिक जैविक मार्ग असावेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

गुंतागुंत

दाह अनियंत्रित राहिल्यास पुढील प्रकारे हानी होते :

- बुबुळ मागील भिंगाला चिकटते. बाहुली गोल न राहता वेडीवाकडी होते आणि द्रवाचा प्रवाह अडल्यास डोळ्यातील दाब वाढतो.
- पारपटलाच्या उघड्या भागात कॅल्शियमचे क्षार साचून आडवा पांढुरका पट्टा तयार होतो.
- दाहामुळे, तसेच स्टिरॉइडच्या दीर्घकालीन वापरामुळे मोतीबिंदू होतो.
- याच दोन कारणांनी काचबिंदू होऊन दृष्टिचेतेस इजा पोहोचते.
- सिलिअरी पिंड निकामी झाल्यास द्रवाची निर्मिती घटते आणि डोळ्याचा दाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो.
- दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूवर सूज येऊन बारीक पाहण्याची क्षमता कमी होते.

लहान मुलांमध्ये यात आणखी एका हानीची भर पडते. जन्मानंतरच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू पाहण्यास शिकत असतो. या काळात डोळ्याकडून स्पष्ट प्रतिमा मिळाली नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. नंतर मोतीबिंदू काढला तरी पूर्ण दृष्टी परत येतेच असे नाही. या स्थितीस मंददृष्टी किंवा आळशी डोळा असे म्हणतात.

तपासणी व निदान

स्लिट लॅम्पखाली दिसणाऱ्या दाहाचे मोजमाप सर्वत्र सारखे असावे यासाठी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २००५ मध्ये श्रेणी प्रसिद्ध केल्या. एक मिलिमीटर लांब व एक मिलिमीटर रुंद प्रकाशझोतात दिसणाऱ्या पेशी मोजल्या जातात. एकही पेशी न दिसल्यास श्रेणी शून्य, १ ते ५ पेशींना अर्धा, ६ ते १५ पेशींना एक, १६ ते २५ पेशींना दोन, २६ ते ५० पेशींना तीन आणि ५० पेक्षा अधिक पेशींना चार अशी श्रेणी दिली जाते. औषधांच्या चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहणे या समान मोजपट्टीमुळे शक्य झाले.

तपासणीच्या वेळापत्रकाविषयी अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या संस्थेने १९९३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या व २००६ मध्ये त्या सुधारल्या. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी व आर्थ्रायटिस फाउंडेशन यांच्या २०१९ च्या सूचनांनुसार अधिक धोका असलेल्या मुलांची तपासणी दर तीन महिन्यांनी करावी. अल्पसांधी, संधिवात घटक नसलेला बहुसांधी, सोरियासिसशी निगडित किंवा अवर्गीकृत प्रकार, एएनए उपस्थित, आजाराची सुरुवात सात वर्षे वयापूर्वी, आणि आजार सुरू होऊन चार वर्षे किंवा त्याहून कमी काळ झालेला, या चारही बाबी लागू असलेल्या मुलांना अधिक धोका असलेले मानले जाते. इतरांची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करावी, असे त्यात म्हटले आहे. स्टिरॉइड थेंबांची मात्रा कमी केल्यास किंवा ते थांबवल्यास एका महिन्याच्या आत, तर पोटातून किंवा इंजेक्शनद्वारे दिलेले औषध कमी केल्यास दोन महिन्यांच्या आत डोळे पुन्हा तपासणे आवश्यक मानले जाते.

निदान निश्चित करण्यापूर्वी क्षयरोग, सार्कॉइडोसिस, बेशेट रोग, ब्लाउ सिंड्रोम आणि मूत्रपिंडाच्या विशिष्ट दाहाबरोबर होणारा युव्हायटिस यांसारख्या अन्य कारणांचा विचार केला जातो.

इतिहास

लंडनमधील बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९६ मध्ये मुलांमधील दीर्घकालीन सांधेविकारावर आपला निबंध वाचला. त्यात २२ मुलांचे वर्णन होते. मुलांचा संधिवात हा प्रौढांच्या संधिवाताची लहान आवृत्ती नसून त्यात वेगवेगळे आजार एकत्र आलेले आहेत, हा विचार त्यातून पुढे आला. सर्वांगीण संधिवातास दीर्घकाळ 'स्टिलचा रोग' याच नावाने ओळखले जात होते.

१९१० मध्ये ओम या जर्मन नेत्रवैद्यांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या पारपटलावरील पट्ट्यासारख्या अपारदर्शकतेचे वर्णन केले. संधिवात व नेत्रदाह एकत्र असल्याची ही पहिली नोंद मानली जाते. दाहाऐवजी त्याचा परिणाम म्हणून उशिरा दिसणारा पट्टा प्रथम नोंदला गेला, ही बाब या विकाराच्या छुप्या स्वरूपाशी सुसंगतच होती. स्वीडनचे अल्वार गुलस्ट्रँड यांनी १९११ मध्ये स्लिट लॅम्प सादर केला आणि जिवंत डोळ्यातील दाह प्रत्यक्ष पाहण्याचा मार्ग खुला झाला.

१९७४ मध्ये अमेरिकेतील जेन शालर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केंद्रकविरोधी प्रतिपिंडे आणि दीर्घकालीन नेत्रदाह यांचा संबंध दाखवून दिला. धोका असलेली मुले लक्षणे दिसण्यापूर्वीच निवडून काढता येतील, ही कल्पना त्यामुळे रुजली. आजच्या तपासणी-वेळापत्रकाचा पाया याच निरीक्षणावर उभा आहे.

उपचार

उपचारांची सुरुवात सामान्यतः प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटसारख्या स्टिरॉइड थेंबांनी होते. बुबुळ भिंगाला चिकटू नये म्हणून बाहुली मोठी करणारे थेंबही दिले जातात. स्टिरॉइडमुळे दाह लवकर कमी होतो, परंतु दीर्घकाळ वापरल्यास त्यांमुळेच मोतीबिंदू व काचबिंदू होण्याचा संभव असतो. ७५ मुलांच्या २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासात दिवसाला तीन किंवा त्यांहून कमी थेंब पुरत असलेल्या मुलांमध्ये मोतीबिंदूचा धोका कमी असल्याचे दिसून आले. थेंबांची गरज सतत भासत असल्यास दुसरे औषध जोडावे, हे आजचे धोरण अशाच निरीक्षणांवर आधारलेले आहे.

दुसऱ्या पायरीवर मेथोट्रेक्झेट हे औषध येते. बालसंधिवातातील त्याची परिणामकारकता अमेरिका व तत्कालीन सोव्हिएत संघ यांच्या संयुक्त चाचणीत सिद्ध झाली. १२७ मुलांच्या या चाचणीचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे औषध आठवड्यातून एकदाच दिले जाते. चुकून दररोज घेतल्यास ते विषारी ठरू शकते. त्याच्या वापरकाळात रक्तपेशी व यकृताच्या चाचण्या नियमितपणे कराव्या लागतात. मळमळ कमी करण्यासाठी फॉलिक आम्ल दिले जाते.

मेथोट्रेक्झेटने दाह आटोक्यात न आल्यास टीएनएफ या दाहकारक प्रथिनास अडवणारी जैविक औषधे वापरली जातात. या गटातील सर्व औषधे डोळ्यांसाठी सारखी नाहीत. एटानरसेप्ट हे औषध सांध्यांवर गुणकारी ठरले. मात्र २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, केवळ १२ मुलांच्या लहान चाचणीत डोळ्यांच्या बाबतीत ते निष्क्रिय औषधापेक्षा सरस दिसले नाही. प्रतिपिंडाच्या स्वरूपातील अडॅलिमुमॅब व इन्फ्लिक्सिमॅब या औषधांना म्हणून पसंती दिली जाते. त्यांपैकी अडॅलिमुमॅबचा पुरावा सर्वाधिक भक्कम आहे. सांधे व डोळे यांचा उपचार एकच मानता येत नाही, हे या तुलनेतून स्पष्ट झाले.

महत्त्वाच्या चिकित्सालयीन चाचण्या

सिकॅमोर : ब्रिटनमधील या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मेथोट्रेक्झेट चालू असूनही डोळ्यांत दाह असलेल्या ९० मुलांची यात निवड झाली. सर्वांचे मेथोट्रेक्झेट चालू ठेवून ६० मुलांना दर दोन आठवड्यांनी अडॅलिमुमॅब व ३० मुलांना निष्क्रिय इंजेक्शन देण्यात आले. पहिल्या गटात १६ मुलांमध्ये, म्हणजे २७ टक्क्यांमध्ये, उपचार अयशस्वी ठरला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १८ मुले, म्हणजे ६० टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की, ठरलेल्या मुदतीपूर्वीच नवीन रुग्णांची नोंदणी थांबवण्यात आली. अडॅलिमुमॅब घेणाऱ्या मुलांमध्ये दुष्परिणामांचे प्रमाणही अधिक होते.

अ‍ॅडजुव्हाइट : फ्रान्समधील या चाचणीत ३१ रुग्णांचा अभ्यास झाला व तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. डोळ्यातील प्रथिनांमुळे येणारी धूसरता लेझर यंत्राने मोजण्यात आली. दोन महिन्यांनंतर अडॅलिमुमॅब गटातील १६ पैकी ९ रुग्णांना, तर निष्क्रिय औषधाच्या गटातील १५ पैकी ३ रुग्णांना अपेक्षित लाभ झाला. वेगळ्या देशात, वेगळ्या मोजमापाने तोच निष्कर्ष निघाल्याने पुराव्याला बळकटी मिळाली. युरोपीय महासंघात २०१७ मध्ये व अमेरिकेत २०१८ मध्ये दोन वर्षे व त्यांवरील वयाच्या मुलांच्या युव्हायटिससाठी या औषधास मान्यता मिळाली.

अ‍ॅप्टिट्यूड : टीएनएफरोधक औषधांना दाद न देणाऱ्या २१ मुलांना टोसिलिझुमॅब हे वेगळ्या मार्गाने काम करणारे औषध देण्यात आले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ७ मुलांना लाभ झाला. पुढील मोठ्या चाचणीसाठी पूर्वनिश्चित केलेली पातळी त्यामुळे गाठली गेली नाही. तथापि अन्य पर्याय संपलेल्या काही मुलांना हे औषध उपयोगी पडू शकते, असे दिसून आले.

अ‍ॅडजस्ट : औषध केव्हा थांबवता येईल, हा या चाचणीचा विषय होता. अमेरिका, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील ८७ रुग्णांचा तीत समावेश होता. त्या सर्वांचा रोग अडॅलिमुमॅबवर स्थिरपणे नियंत्रणात होता. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषध चालू ठेवलेल्या ४३ पैकी ६ रुग्णांमध्ये, तर थांबवलेल्या ४४ पैकी ३० रुग्णांमध्ये रोग पुन्हा उसळला. औषध पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. या निष्कर्षाचे दोन अर्थ निघतात. शांत दिसणारा डोळा बरा झालेला असतोच असे नाही. परंतु औषध थांबवलेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना त्या काळात त्याची गरजही भासली नाही. या दोन प्रकारच्या रुग्णांना आधीच वेगळे ओळखण्याची चाचणी अद्याप उपलब्ध नाही.

सध्याचे संशोधन

सध्याच्या वर्गीकरणात बाधित सांध्यांच्या संख्येला मोठे स्थान आहे. इटलीतील जिनोआ येथील संशोधकांनी २००५ मध्ये वेगळे मत मांडले. एएनए असलेली मुले सांध्यांची संख्या कितीही असली तरी वय, लिंग व युव्हायटिसचा धोका या बाबतींत एकमेकांसारखीच असतात, असे त्यांना आढळले. याच विचाराच्या आधारे २०१९ मध्ये एका आंतरराष्ट्रीय संशोधन जाळ्याने मांडलेल्या प्राथमिक वर्गीकरणात 'लहान वयात सुरू होणारा, एएनए असलेला बालसंधिवात' हा स्वतंत्र प्रकार सुचवण्यात आला. तो सर्वमान्य झाल्यास डोळ्यांच्या धोक्याचे चित्र वर्गीकरणातच प्रतिबिंबित होईल.

ब्रिटनमधील 'क्लस्टर' हा प्रकल्प युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन येथील लूसी वेडरबर्न यांच्या नेतृत्वाखाली हाती घेण्यात आला. ब्रिस्टल, लिव्हरपूल व मँचेस्टर येथील संशोधकही त्यात सहभागी आहेत. पूर्वीच्या अभ्यासांतील मुलांची वैद्यकीय माहिती, रक्ताचे नमुने व जनुकीय माहिती एकत्र करून आजाराचे जैविक उपप्रकार शोधणे आणि कोणत्या मुलाला कोणते औषध लागू पडेल याचे भाकीत करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. रक्त, अश्रू व डोळ्यातील द्रव यांतील एस१०० गटातील प्रथिनांसारखे निदर्शकही अभ्यासले जात आहेत. जानुस कायनेज या विकरांना अडवणाऱ्या व तोंडावाटे घेता येणाऱ्या बॅरिसिटिनिबसारख्या औषधांचाही शोध चालू आहे.

या संशोधनात एक मूलभूत अडचण आहे. आजार तुलनेने विरळ असल्याने एका रुग्णालयात, किंबहुना एका देशातही पुरेसे रुग्ण मिळत नाहीत. शिवाय निदर्शक उपयुक्त ठरण्यासाठी दाह सुरू होण्यापूर्वीचे नमुने हवे असतात. त्यासाठी संधिवाताचे निदान होताच मुलांची नोंद करून त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा करावा लागतो.

भारतातील संदर्भ

भारतातील अनेक रुग्णालयीन अभ्यासांत बालसंधिवाताच्या प्रकारांचे प्रमाण युरोपपेक्षा वेगळे आढळले आहे. येथे कंडरांच्या दाहासह होणाऱ्या प्रकाराचे रुग्ण अधिक असून लहान मुलींमधील एएनए असलेल्या अल्पसांधी प्रकाराचे प्रमाण तुलनेने कमी आहे. त्यानुसार छुप्या युव्हायटिसचे एकूण प्रमाणही कमी असते. परंतु ज्या मुलाला अल्पसांधी संधिवात झाला आहे त्याच्यासाठी नियमित नेत्रतपासणीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही.

क्षयरोगाचा प्रादुर्भाव अधिक असल्याने भारतात उपचारांना एक वेगळी बाजू आहे. टीएनएफ हे प्रथिन क्षयाच्या जंतूंना शरीरात कोंडून ठेवण्यास मदत करते. त्यास अडवणारे औषध दिल्यास सुप्त क्षयरोग जागृत होऊ शकतो. त्यामुळे असे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र, ट्यूबरक्युलिन त्वचाचाचणी किंवा इंटरफेरॉन-गॅमा रक्तचाचणी केली जाते. क्षयरोगामुळेही युव्हायटिस होत असल्याने निदानाच्या टप्प्यावरही हा विचार आवश्यक ठरतो.

जैविक औषधांची किंमत हा उपचारांतील मोठा अडथळा राहिला आहे. अहमदाबाद येथील झायडस कॅडिला या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये अडॅलिमुमॅबची समरूप आवृत्ती भारतात बाजारात आणली. अडॅलिमुमॅबची जगातील ती पहिली समरूप आवृत्ती होती. त्यामुळे औषध तुलनेने कमी दरात उपलब्ध झाले. तथापि उपचार किती महाग असतील, हे बहुतांशी निदान केव्हा होते यावर अवलंबून राहते. स्लिट लॅम्पची तपासणी अल्पखर्चिक आणि वेदनारहित असते व हे यंत्र नेत्ररुग्णालयांत सर्रास उपलब्ध असते. सांधा सुजलेल्या बालकास पहिल्या भेटीतच नेत्रतज्ज्ञांकडे पाठवणे आणि त्यानंतर कोणतीही तक्रार नसतानाही तपासणीच्या तारखा पाळणे, हा दृष्टी वाचवण्याचा आज उपलब्ध असलेला सर्वांत खात्रीचा उपाय मानला जातो.